ओपनडीएसएसची समांतर गणना: 11 केव्ही फीडरला कितपत उपयोगी?

ईपीआरआय या अमेरिकी वीज-संशोधन संस्थेचे ओपनडीएसएस हे वीज वितरणाचे गणित करणारे सॉफ्टवेअर फुकट मिळते आणि फीडरचा (उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिनीचा) वर्षभराचा लोड फ्लो, म्हणजे कुठे किती व्होल्टेज आणि किती प्रवाह, काढायला ते भक्कम आहे. समांतर गणनेची, म्हणजे एकाच वेळी अनेक कोरवर गणित चालवण्याची, सोय मात्र जपून वापरावी लागते. नाहीतर उत्तर लवकर येते आणि चुकीचे येते.

करवीर तालुक्यातला एखादा फीडर घ्या: उसाचे पंप, हंगामात गुऱ्हाळं, टोकाला गावठाण. 15 मिनिटांच्या टप्प्याने वर्षाच्या 35,040 पायऱ्या होतात. चार ॲक्टर (आपापल्या कोरवर स्वतंत्र चालणाऱ्या गणनेच्या प्रती) उघडून वर्षाचे चार तुकडे पाडायचे. सरळ 2,190 तासांवर कापले तर दुसरा तुकडा सकाळी सहाला सुरू होतो. त्यापेक्षा 91 दिवसांचे तीन आणि 92 चा एक करा. 91 दिवस म्हणजे नेमके 13 आठवडे; पंपांची दिवस-रात्र पाळी आठवड्याने बदलत असेल तर ती मधेच तुटत नाही.

खरी गोम कापलेल्या जागी आहे. आदल्या तुकड्यात ट्रान्सफॉर्मरचा व्होल्टेज कमी-जास्त करणारा टॅप कितव्या पायरीवर होता, कपॅसिटर चालू होता की बंद, हे पुढच्या ॲक्टरला ठाऊक नसते. म्हणून दुसरा तुकडा 2,184 व्या तासाऐवजी 2,160 पासून चालवा, पायऱ्या 8,736 च्या 8,832 करा आणि पहिल्या 96 नोंदी फेकून द्या. पुढच्या दोघांनाही तसेच. फीडरवर बॅटरी असेल तर तिच्या चार्जला एक दिवस पुरेलच असे नाही. तिथे वर्ष तोडूच नका.

चार कोर म्हणजे चौपट वेग, हा हिशेब सोडा. जुलै-सप्टेंबरात पंप थंड, तो ॲक्टर लवकर मोकळा होतो. उन्हाळ्यात टॅप सारखे हलतात, गणिताच्या फेऱ्या वाढतात, आणि बाकीचे ताटकळतात. हायपरथ्रेडिंगच्या (एक कोर दोन सीपीयू म्हणून दाखवणाऱ्या) मशिनवर सीपीयू 0, 1, 2, 3 न देता 0, 2, 4, 6 द्या. 0 आणि 1 बहुधा एकाच कोरचे असतात.

डिफॉल्ट सगळे अमेरिकी. सर्किट बनवण्याआधीच डिफॉल्टबेसफ्रिक्वेन्सी 50 करा. नुसती फ्रिक्वेन्सी 50 केली आणि बेस 60 राहिला, तर लाइनचा 0.40 ओहमचा रिअॅक्टन्स गुपचूप 0.33 होतो. डीपीच्या ट्रान्सफॉर्मरची गुंडाळी-जोडणी डीवायएन11 असेल तर लीडलॅग=लीड लिहा, नाहीतर तो डीवाय1 धरला जातो.

सॉल्व्हऑल या सगळे ॲक्टर चालवणाऱ्या आज्ञेनंतर रिपोर्ट फक्त चालू ॲक्टरचा येतो; सगळ्यांचा एकत्र हवा तर कॉन्कॅटनेटरिपोर्ट्स=येस करा. वेळेऐवजी जाळेच तोडणारे ए-डायकॉप्टिक्सही आहे, पण त्यात दर पायरीला तुकड्यांचा मेळ घालावा लागतो. काहीशे नोडच्या (जोडबिंदूंच्या) फीडरला ते नको.