फ्लॅट विकायचाय, रंग कुठला मारू? डिस्टेंपर की साधं इमल्शन

शीनवाले, म्हणजे चमक असणारे महाग पेंट मी यात धरतच नाहीये. घेणारा ताबा मिळाला की स्वतःच्या आवडीचा रंग काढणार हे नक्की, आणि जुन्या प्लास्टरवर शीन मारलं की संध्याकाळी ट्यूब लावल्यावर भिंतीच्या सगळ्या लाटा दिसायला लागतात. विकायच्या घराला मॅटच बरं. म्हणजे उरतात दोनच, ॲक्रिलिक डिस्टेंपर नाहीतर स्वस्तातलं मॅट इमल्शन. सासऱ्यांचा बदलापूरचा फ्लॅट आम्ही डिस्टेंपर मारून विकला आणि आमचा डोंबिवलीचा वन बीएचके इमल्शन मारून, त्यामुळे दोन्हीचा थोडाफार अनुभव आहे.

पैशांचं आधी सांगतो कारण सगळे तिथेच अडतात. डिस्टेंपर स्वस्त आहे यात वाद नाही, पण एकूण बिलात फरक वाटतो तेवढा पडत नाही. मजुरी, पुट्टी, घासकाम, प्रायमर हे दोन्हीला लागतंच आणि मोठा खर्च तोच असतो. भिंती आणि सिलिंग धरून रंगाचा एरिया कार्पेट एरियाच्या साधारण तीन ते साडेतीन पट येतो, तेवढ्या एरियाचं दोन्हीचं कोटेशन घ्या आणि मग ठरवा. कोटेशनवर डिस्टेंपर की इमल्शन हे स्पष्ट लिहून घ्या हं, नुसतं 'ट्रॅक्टर मारतो' यावर जाऊ नका, एशियन पेंट्सच्या त्या नावात डिस्टेंपरही येतं आणि इमल्शनही.

नवा असताना दोघांत फारसा फरक कळत नाही, निदान मला तरी कळला नाही, फोटोत तर अजिबातच नाही.

फरक कळतो तो घर दाखवायला लागल्यावर. बदलापूरला सासरे त्या डिस्टेंपरच्या घरात राहतच होते, दर रविवारी कोणी ना कोणी बघायला यायचं, एजंट स्वतःच दहा ठिकाणी हात लावून 'प्लास्टर बघा काय सॉलिड आहे' करायचा, लहान मुलं भिंतीला टेकायची, आणि स्विचबोर्डच्या आजूबाजूला जे काळपट डाग पडतात ते पडलेच. सासूबाईंनी सवयीने ओल्या फडक्याने पुसलं तर डागासकट रंग फडक्यावर आला आणि भिंतीवर फिकट गोल उरला. बरं, टच-अप करावं म्हटलं तर पेंटरने बादलीत अंदाजाने स्टेनर (रंगछटेचं लिक्विड) टाकून शेड बनवलेली, ती परत जुळेना, आणि त्या टच-अपचा चौकोन डागापेक्षा जास्त उठून दिसायला लागला. बघायला आलेला माणूस असा चौकोन बघून पहिला प्रश्न काय विचारतो माहितीये? 'इथे ओल होती का?' नव्हती हो! पण सांगून कोणाला पटणार, आणि मग तिथून पुढे तो प्रत्येक कोपऱ्यात ओलच शोधत फिरतो.

माझ्यापुरता निकाल इथेच लागला. डोंबिवलीत इमल्शन मशीनवर शेड काढून घेतलं, कोड डब्यावर लिहिलेला होता, उरलेलं लिटरभर माळ्यावर ठेवलं आणि डाग पडला की आधी हलक्या हाताने ओलं फडकं, नाही गेला तर छोटा रोलर. स्वस्त इमल्शन काही घासून धुवायचं नसतं, जोर लावला तर तेवढी जागा चमकायला लागते, पण बोटांचे डाग निघतात आणि टच-अप निदान आमच्याकडे तरी भिंतीत मिसळून गेला. सिलिंगला मात्र डिस्टेंपरच मारलं, तिथे कोण हात लावतंय.

अर्थात खरीच ओल असेल तर दोन्ही रंग सारखेच निरुपयोगी. आधी लीकेज काढा, भिंत सुकू द्या, मग पुट्टी. एकच भिंत ताजी रंगवून ठेवली तर बघणाऱ्याला न सांगताच सगळं कळतं. टायमिंगचं म्हणाल तर पितृपक्षात टोकन द्यायला सहसा कोणी येत नाही, तेव्हा पाऊस उघडला असेल आणि भिंती कोरड्या असतील तर ते दिवस रंगात घालवा, नवरात्र-दसऱ्याला घर तयार.

डिस्टेंपरच्या बाजूने एक गोष्ट मात्र मानावी लागेल. भिंतीवर आधीच जुनं डिस्टेंपर असेल तर त्यावर थेट इमल्शन चढवता येत नाही, पोपडे धरतात, सगळं खरवडून प्रायमर मारावा लागतो. राहत्या घरात ती पांढरी धूळ म्हणजे कपाटातल्या कपड्यांपर्यंत जाते, आणि खालचे काका पायऱ्यांवरून ओरडतात ते वेगळंच. घर रिकामं आहे, गिऱ्हाईक जवळपास ठरलंय, फक्त जरा उजळ दिसायला हवं, अशा केसमध्ये मीही कदाचित डिस्टेंपरच मारेन, फक्त फोटो पेंटर गेल्या दिवशीच काढून घेईन आणि चावी एजंटकडे न देता स्वतः उभा राहून घर दाखवीन.