स्टीलची सिपर बाटली, पाच महिन्यांनंतर: बाटली चांगली, रिंगने रडवलं

जूनमध्ये लेकीची शाळा सुरू होताना ७५० मिलीची ही बाटली ६९९ रुपयांना घेतली. दरवर्षी प्लास्टिकची नवी बाटली घेऊन कंटाळले होते. स्टीलची घेतली की प्राथमिक शाळा संपेपर्यंत बघायला नको, असा हिशोब. जुलैत कुणी विचारलं असतं तर डोळे झाकून पाच तारे दिले असते. थेंब गळत नव्हता. दोनदा जिन्यावरून पडली, तर नुसता पोचा आला.

गणपतीच्या सुट्टीनंतर लेक म्हणाली, "आई, पाण्याला कुबट वास येतो." मला खरंच वाटेना, रोज घासत होते मी ती. टॉर्च मारून आत पाहिलं, स्टील लख्ख. मग झाकणातली सिलिकॉनची रिंग सुरीच्या टोकाने उचकटली. खाली काळा, बुळबुळीत थर. स्ट्रॉच्या वळणातही काळे ठिपके. माझं मूल इतके दिवस त्यातून पाणी पीत होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

रागाच्या भरात तेव्हा एक तारा दिला होता, तो आज बदलते आहे. दोष स्टीलचा नाही. चिपळूणच्या पावसात घरात काहीच धड वाळत नाही, त्यात मी रात्री बाटली धुऊन लगेच झाकण लावून ठेवायचे. रिंगच्या खाचेत अडकलेलं पाणी सुकणार कधी? शिवाय शनिवारी कोकम सरबत भरून द्यायचे. गोडाचा अंश खाचेत राहिला की बुरशीला आयतं खाणं मिळतं.

साफ करताना आधी व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र ओतला. फेस भरपूर आला, काम झालं नाही. दोन्ही एकमेकांचा जोर मारतात. मग व्हिनेगरमध्ये तितकंच पाणी घालून झाकण आणि रिंग रात्रभर बुडवून ठेवली, सकाळी जुन्या टूथब्रशने घासली आणि रिंग दहा मिनिटं उकळली. सिलिकॉन उकळतं पाणी सोसतं, झाकणाचं प्लास्टिक वाकडं होऊ शकतं, ते उकळू नका. थर गेला, वास गेला. रिंगवर फिकट डाग राहिले, ते काही केल्या निघत नाहीत. स्ट्रॉ फेकून दिला, कारण ब्रश वळणापर्यंत पोचतच नव्हता. ब्लीचच्या वाटेला जाऊ नका. त्यातल्या क्लोरीनने स्टीलला बारीक खड्डे पडतात, आणि व्हिनेगरमध्ये मिसळलं तर विषारी वायू सुटतो.

आता खरी तक्रार. ती रिंग काढायला बोट घालायलाही जागा ठेवलेली नाही. सुरीने काढताना तिला चीर गेली आणि बाटली आडवी केली की गळायला लागली. कस्टमर केअरला चार फोन केले. चारही वेळा एकच उत्तर: रिंग सुटी मिळत नाही, पूर्ण झाकण घ्या, ३४९ रुपये. अहो, कुकरची रिंग कुठल्याही भांड्यांच्या दुकानात सुटी मिळते. ती आपण रोज काढतो, धुतो, सैल झाली की बदलतो. पाण्याच्या बाटलीची रिंग तर दिवसभर ओलीच असते. तीच काढता येऊ नये आणि बदलताही येऊ नये? बोटभर रबरासाठी अर्ध्या बाटलीचे पैसे मी देणार नाही.

शेवटी बाजारपेठेतल्या भांड्यांच्या दुकानात सात-आठ झाकणं लावून पाहिली. एक फिरकीचं साधं स्टीलचं झाकण नेमकं बसलं, ९० रुपये. त्याची रिंग बोटाने निघते. तुम्हाला जुनंच झाकण वापरायचं असेल तर रिंग चमच्याच्या दांड्याने हळूच काढा, सुरी नको. लेक शाळेतून आली की लगेच बाटली धुऊन उपडी, झाकण वेगळं, रिंग वेगळी, सगळं पंख्याखाली. सकाळपर्यंत झाकण लावत नाही. सरबत बंद, फक्त पाणी. दोन महिने झाले, वास नाही.

बाटलीला चार तारे, झाकणाला एक. रिंग सुटी विकायला लागले तर इथे कुणीतरी लिहा, मी त्याच दिवशी दोन मागवेन.