कॉमन डेटा सेट: ३.६ जीपीएवाल्यांसाठी फुकटातला, कंटाळवाणा आणि कामाचा कागद

अमेरिकेत ज्या घरात मूल बारावीत जाणार असतं, तिथे उन्हाळ्यापासून एकच प्रश्न फिरत असतो: "एवढ्या जीपीएवर तिथे होईल का?" उत्तर द्यायला सगळे तयार. ज्यांची मुलं परवाच कुठेतरी लागली ते, व्हॉट्सॲप ग्रुपवरचे काका, आणि पैसे घेऊन सांगणारे सल्लागार. माझ्या भाचीचा जीपीए (शाळेतल्या ग्रेडची ४.० पैकी सरासरी) ३.६, तोही अनवेटेड, म्हणजे कठीण विषयांना जादा वजन न देता काढलेला. ताईने मला बोलावलं, कारण मी अकाउंटंट आहे आणि तिच्या मते आकडे म्हटले की सगळे सारखेच.

सल्लागाराचं नाव घेत नाही. पहिली भेट मोफत होती. हातात गुळगुळीत कागदावरचा रंगीत रिपोर्ट आला: प्रत्येक कॉलेजपुढे 'चान्स' टक्क्यांत, तोही दशांशापर्यंत. हे आकडे आले कुठून म्हणून विचारलं, तर "आमचं स्वतःचं मॉडेल आहे." ज्या आकड्यामागे व्हाउचर नाही त्यावर मी सही करत नाही. त्यानंतर पॅकेजची किंमत ऐकली आणि ताईला म्हटलं, थांब जरा.

मग हाती लागला तो कॉमन डेटा सेट, ज्याच्याबद्दल हे लिहितोय. कॉलेजं आणि त्यांची माहिती छापणाऱ्या संस्था (कॉलेज बोर्ड, पीटरसन्स, यू. एस. न्यूज) यांनी मिळून ठरवलेली ही एक प्रश्नावली. प्रत्येकाने वेगवेगळा फॉर्म पाठवून कॉलेजांना पिडण्यापेक्षा सगळ्यांनी एकच विचारायचा, हा मूळ हेतू. म्हणजे हा कागद आपल्यासाठी बनलेलाच नाही, आणि मला तो आवडण्याचं अर्धं कारण तेच आहे. यात कुणी काही विकत नाही. ए ते जे असे विभाग, तेच प्रश्न, त्याच क्रमाने, दरवर्षी. कॉलेजचं नाव आणि पुढे 'कॉमन डेटा सेट' एवढं सर्चमध्ये टाकलं की बहुतेक वेळा त्यांच्या इन्स्टिट्यूशनल रिसर्च नावाच्या ऑफिसच्या पानावर पीडीएफ सापडते. दिसायला अगदी सरकारी. ए आणि बी सोडून थेट सी विभागावर, म्हणजे ॲडमिशनच्या विभागावर जा.

सी७ हा माझ्या मते या कागदाचा प्राण. एक तक्ता असतो. डावीकडे निकष: अभ्यासक्रमाची काठिण्यपातळी, क्लास रँक, जीपीए, टेस्ट स्कोअर (एसएटी, एसीटी), एसे, शिफारसपत्रं, इंटरव्ह्यू, इतर उपक्रम, स्वभाव आणि वैयक्तिक गुण, आईवडील कॉलेजात गेलेत का, ते याच कॉलेजचे माजी विद्यार्थी आहेत का, स्वयंसेवा, नोकरीचा अनुभव, 'अर्जदाराने दाखवलेली उत्सुकता' वगैरे. उजवीकडे चार रकाने: अतिमहत्त्वाचं, महत्त्वाचं, विचारात घेतो, घेत नाही. प्रत्येक ओळीत एकच फुली. कॉलेजने स्वतः मारलेली.

जीपीएला कमी लेखणारं नामवंत कॉलेज शोधायला निघाल तर निराश व्हाल. तिथे फुली बहुधा पहिल्याच रकान्यात असते. पण तक्त्यातली सगळ्यात वरची ओळ बघा. काठिण्यपातळीही अनेक ठिकाणी 'अतिमहत्त्वाचं'मध्येच असते, आणि भाचीने एपी आणि ऑनर्सचे, म्हणजे वरच्या पातळीचे विषय घेऊनच तो ३.६ मिळवला होता. खरा फरक दिसतो तो खालच्या ओळींत. एमआयटीचा तक्ता बघा: स्वभाव आणि वैयक्तिक गुण 'अतिमहत्त्वाचं', आणि माजी विद्यार्थ्यांशी नातं विचारातच घेत नाहीत. 'उत्सुकता' काही कॉलेजांना हवी असते, कित्येकांना अजिबात नको. जिथे नको, तिथल्या ऑनलाइन माहिती सत्रांना हजेरी लावून ॲडमिशनला मदत होईल या आशेने मुलीचे शनिवार घालवू नका.

याच तक्त्यामुळे घरात एक वाद मिटला. भाचीने दोन उन्हाळे स्विमिंग पूलवर लाइफगार्डचं काम केलं होतं, पगारी. ताईला ते अर्जात लिहायचंच नव्हतं. "लोकांची मुलं रिसर्च करतात, आणि आपण काय शिट्टी वाजवत होतो हे सांगायचं?" मी सी७ मधली 'नोकरीचा अनुभव' ही ओळ बोटाने दाखवली. तिच्या यादीतल्या बऱ्याच कॉलेजांची तिथली फुली 'घेत नाही'च्या रकान्यात नव्हती. कॉमन ॲपमध्येही (अनेक कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज) उपक्रमांच्या यादीत पगारी कामाचा वेगळा प्रकार आहे. एका उपक्रमाच्या वर्णनाला १५० अक्षरं मिळतात, स्पेस धरून. त्यात भाचीने शिफ्ट, जबाबदारी आणि नव्या मुलांना दिलेलं ट्रेनिंग असं सगळं बसवलं. ताई गप्प बसली. तिला पटलं असं मात्र म्हणवत नाही.

आता सी११. इथे जीपीएचे गट असतात: पूर्ण ४.०, मग ३.७५ ते ३.९९, ३.५० ते ३.७४, ३.२५ ते ३.४९, असं खाली खाली. प्रत्येक गटात किती टक्के मुलं, ते लिहिलेलं. ३.६ वाल्याने तिसरा गट बघायचा. पण हे टक्के ॲडमिशन मिळालेल्यांचे नसतात, प्रत्यक्ष दाखल झालेल्यांचे असतात. शिवाय त्या गटात खास खेळासाठी घेतलेली मुलंही मोजलेली असतात. तेव्हा 'तिसऱ्या गटात दहा टक्के' याचा अर्थ 'आपल्याला दहा टक्के चान्स' असा कुणी काढत असेल तर त्याच्या हातून कॅल्क्युलेटर काढून घ्या. या गटातली मुलं तिथे जातात की जवळजवळ नाहीतच, एवढंच यातून कळतं. यादी करायला तेवढं पुरतं.

सी११ चीच माझी सगळ्यात मोठी तक्रार. काही कॉलेजं हा तक्ता रिकामा सोडतात. काहींच्या सी१२ मधली सरासरी ४.० च्या वर दिसते, म्हणजे जीपीए वेटेड धरलाय हे उघड आहे, पण तसं कुठे लिहिलेलं नसतं. ऑडिटला असा कागद आला असता तर मी परत पाठवला असता.

सी२१ मध्ये अर्ली डिसिजनचे, म्हणजे नेहमीच्या मुदतीआधी एकाच कॉलेजला केलेल्या अर्जांचे आकडे: किती अर्ज आले, किती घेतले. सी१ मध्ये एकूण. वजाबाकी तुम्ही करायची. सोयीचे आकडे घेऊ: एकूण अर्ज २०,०००, घेतले ३,०००, म्हणजे १५ टक्के. त्यातले अर्ली डिसिजनचे अर्ज १,५०० आणि घेतले ६००, म्हणजे ४० टक्के. उरलेल्या १८,५०० मधून २,४००, म्हणजे जेमतेम १३ टक्के. ब्रोशरवरचा १५ टक्क्यांचा आकडा यातल्या कुणालाच लागू नाही. मात्र ४० बघून हुरळून जाऊ नका. खेळाडू आणि माजी विद्यार्थ्यांची मुलं बऱ्याचदा याच फेरीत असतात. शिवाय अर्ली डिसिजन बंधनकारक असतं. घेतलं तर जायचंच, दुसऱ्या कॉलेजची आर्थिक मदत शेजारी ठेवून तोलता येत नाही. त्यासाठी एच विभाग आधी वाचा. गरज नसलेल्या मुलांना कॉलेज स्वतःहून किती स्कॉलरशिप देतं, हेही तिथे असतं. काही नामवंत कॉलेजं त्यात शून्यावर आहेत.

वेटलिस्टसाठी सी२: किती जणांना जागा देऊ केली, किती थांबले, त्यातले किती आत गेले. एकाच कॉलेजची मागची काही वर्षं शेजारी ठेवून बघा. आकडा एका वर्षी शेकड्यांत, दुसऱ्या वर्षी शून्य, असंही दिसतं. त्यावर विसंबून मे महिना काढायचा की नाही, ते आपापल्या स्वभावावर.

या कागदात नसतं ते नीट समजून घ्या. भाचीचा जीपीए घसरला तो दहावीत. अकरावीत ती चांगली सावरली. सरासरीला हा चढ-उतार दिसत नाही, ट्रान्सक्रिप्ट वर्षवार वाचणाऱ्याला दिसतो. शाळेचा काउन्सेलर सोबत 'स्कूल प्रोफाइल' पाठवतो, त्यात शाळेत कोणते विषय मिळतात आणि मार्क कसे पडतात ते असतं. शाळेकडे ते मागून वाचा. कॉमन ॲपमध्ये अडचणी सांगायला २५० शब्दांची आणि जादा माहितीला ३०० शब्दांची वेगळी जागा आहे. सांगण्यासारखं खरंच काही असेल तरच वापरा. भाचीकडे नव्हतं. केमिस्ट्री जड गेली, बस. तिने ती जागा कोरी ठेवली आणि मला ते योग्यच वाटलं.

विभागवार आकडेही नसतात. कॉम्प्युटर सायन्स किंवा नर्सिंगला वेगळी चाळणी लावणारी कॉलेजं आहेत, तिथे संपूर्ण कॉलेजचा सी११ फसवा ठरतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कॅम्पसांचं तर गणितच निराळं: ते दहावी-अकरावीच्या ठरावीक विषयांवरून जीपीए स्वतः काढतात आणि टेस्ट स्कोअर बघतच नाहीत. तुमच्या मुलाची घसरण नववीतली असेल तर हे आवर्जून वाचा. आमची नेमकी दहावीतली.

माझं रेटिंग पाचपैकी चार. एक तारा कापला तो सी११ रिकामा ठेवणाऱ्यांसाठी. ज्यांना कुणीतरी 'होईल हो' म्हणायला हवं असतं त्यांनी या वाटेला जाऊ नये. त्यासाठी ते रंगीत रिपोर्टवाले आहेत. भाचीच्या यादीतली चार नावं यामुळे गळली, तीन नवी आली. नव्यांपैकी एकाचं नाव ताईने त्याआधी ऐकलंही नव्हतं. भाची आता तिथेच शिकते.