“काका, आतून लावा”: गळती थांबवणाऱ्या टेपच्या नावाखाली झालेली फसवणूक

आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, खरेदीला बाजारात आलेली वयस्कर माणसं हेरून एक विक्रेता यंदा आमच्या तालुक्याला गळती थांबवणारी चंदेरी टेप विकून गेला. घेणाऱ्यांत माझे वडील, आप्पा, हेही होते. ज्यांचं घर कोकणात आहे आणि घरी फक्त आई-वडील असतात, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

आमचं घर कौलारू, पण पडवीवर सिमेंटचे पत्रे आहेत. हुकाच्या भोकाजवळ या पत्र्यांना बारीक चिरा जातात. आजवर मे महिन्यात गडी लावून वरून डांबर-गोणपाटाची ठिगळं मारली जायची. आता गडी वेळेवर मिळत नाही आणि आप्पांना वर चढू द्यायचं नाही, असं आम्ही भावंडांनी ठरवलेलं. सिमेंटचा पत्रा जुना झाला की पाय पडताच फुटतो, माणूस थेट खाली येतो. गावोगाव असे अपघात झालेले आहेत. विक्रेत्याला हे पक्कं ठाऊक होतं. तो प्रत्येकाला एकच सांगत होता, “काका, या वयात पत्र्यावर कशाला चढता? आतून लावा. घरात स्टुलावर उभं राहून काम होतं.”

मला सगळ्यात जास्त चीड याची आहे. पत्र्याची गळती आतून टेप लावून थांबत नाही. पाणी वरून चिरेत शिरतं, टेपच्या मागे साचतं आणि तिला खाली ढकलतं. टेप वरच्या अंगाला असेल तर तेच पाणी तिच्यावरून वाहून जातं. वर्षानुवर्षं टेप विकणाऱ्याला एवढं कळत नसेल, यावर माझा विश्वास नाही.

त्याचं प्रात्यक्षिक मात्र बघणाऱ्याला पटेल असंच होतं. प्लास्टिकच्या बादलीला भोक, त्यातून पाण्याची धार, वर टेपचा तुकडा दाबला की धार बंद. बादली नवी, गुळगुळीत, धूळ नाही, शेवाळ नाही. आत पाणी वीतभर. तेवढ्या पाण्याचा दाब नगण्य असतो. गच्चीवरच्या टाकीतून दहा मीटर खाली आलेल्या नळाच्या पाइपात तो जवळजवळ पन्नासपट होतो. शिवाय बादलीवर टेप टिकायला हवी होती पाच मिनिटं, गिऱ्हाईक पैसे काढेपर्यंत.

त्यातही खरी लबाडी वेगळीच होती. प्रात्यक्षिकाची रीळ जाड होती, काळ्या चिवट रबराचा थर असलेली. तो ब्युटाइल रबराचा असावा, चांगल्या टेपला तोच असतो. आप्पांच्या हातात दिलेल्या बंद खोक्यातली टेप म्हणजे पातळ चंदेरी कागद आणि त्यामागे गोंदासारखा चिकट थर, नखाने खरवडला तर निघणारा. खोक्यावर ‘५ मीटर’ छापलेलं. मी फूटपट्टी लावली तर चार मीटरही भरली नाही. एक रीळ ३९९ रुपये, दोन घेतल्या तर ६००. आप्पांनी दोन घेतल्या.

मृगाचा पाऊस बेताचाच झाला, तोवर टेप टिकली. नंतर झड लागली आणि एका रात्रीत सगळ्या पट्ट्या लोंबायला लागल्या. पडवीत ठेवलेली तांदळाची पोती भिजली. त्याहून वाईट म्हणजे पाण्याचा ओघळ भिंतीवरून वीजमीटरच्या फळीपर्यंत आला. आईने अंधारात मेन स्विच बंद केला. हात ओले होते का, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.

वीज म्हटली म्हणून हेही लिहायला हवं. त्याच्या फलकावर वायर, गॅसची नळी, टाकी, पाइप, सगळ्यांची चित्रं होती. चंदेरी भाग ॲल्युमिनियमचा असतो आणि त्यातून वीज वाहते. सोललेल्या वायरीवर ही टेप गुंडाळणं म्हणजे वायर उघडी ठेवण्याहून वाईट, कारण माणूस ती झाकलेली समजून हात लावतो. वायरीला वीजकामाचीच टेप लावायची. गॅसच्या नळीला तर कुठलीच टेप नाही, नळी बदलायची. ‘अंतराळात वापरतात’ असंही फलकावर होतं. १९७० साली अपोलो १३ च्या अंतराळवीरांनी हवा शुद्ध करण्याची जोडणी टेप वापरून केली, हे खरं. ती टेप कापडी होती आणि त्यांना पृथ्वीवर परत येईपर्यंत पुरायची होती. आपला पत्रा चार महिने कोकणातल्या पावसाखाली असतो.

चांगली ब्युटाइल टेप निरुपयोगी नसते, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. आमच्या गावातल्या पत्रे बसवणाऱ्या कारागिराने ती लोखंडी पत्र्याच्या स्क्रूंवर आणि पन्हळीच्या सांध्यावर लावलेली आहे आणि ती टिकली आहे. पण तो ती एप्रिल-मेच्या उन्हात लावतो. आधी तारेच्या ब्रशने शेवाळ काढतो, पुसतो, पूर्ण वाळू देतो, मग रूळ फिरवून दाबतो आणि कडा मोकळ्या सोडत नाही. ओल्या किंवा धुळकट पत्र्यावर ती धरतच नाही. पाण्याच्या काळ्या प्लास्टिकच्या टाकीवरही भरवसा ठेवू नका, त्या प्लास्टिकला बहुतेक चिकट पदार्थ नीट पकडत नाहीत. लांब लोखंडी पत्रा उन्हात ताणतो नि रात्री आकसतो, तीन मीटरला सहज दीड मिलिमीटर. स्वस्त गोंद त्या ओढाताणीत सुटतो.

खोक्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता नव्हता, ग्राहक सेवेचा क्रमांक बंद. बंद पाकिटातल्या मालावर या दोन्ही गोष्टी छापणं कायद्याने बंधनकारक आहे. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि वजन-मापं तपासणाऱ्या वैधमापन विभागाकडेही अर्ज दिला. अर्जात भर दिला तो लांबीवर. दर्जावर वाद घालता येतो, मीटर मात्र कुणीही मोजून बघू शकतं. आप्पांनी पैसे यूपीआयने दिले होते, त्यामुळे घेणाऱ्याचं नाव आणि व्यवहार क्रमांक हाती आहे. रोख दिलेल्यांकडे तेही नाही.

वाडीत आणखी काही घरांत तेच खोके निघाले आहेत. तुमच्याकडे असेल तर चिडून फेकू नका. उरलेल्या टेपसकट ठेवा, पट्टी लावून लांबीचा फोटो काढा आणि तक्रार तुमच्या नावाने स्वतंत्र करा. ग्राहक आयोगात जायची मुदत दोन वर्षं आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क लागत नाही.