कॅलिपरचं किट की नवी असेंब्ली? पिस्टन बाहेर आल्यावर ठरवा

गाडी अंगणातून मागे ओढताना जड लागली की माणूस आधी टायरमधली हवा बघतो. मीही बघितली, हवा बरोबर होती. कन्नडचा घाट उतरून आल्यावर पुढची डिस्क तापलेली असते, त्यात नवल नाही. पण दुसऱ्या दिवशी चाळीसगावातच, स्टेशनपर्यंत सपाट रस्त्याने, पुढच्या ब्रेकला बोटही न लावता गेलो आणि डिस्कवर पाण्याचे चार थेंब शिंपडले, तर तापल्या तव्यावर पडल्यासारखा चर्र आवाज आला. त्याच आठवड्यात पाचोऱ्याकडचा मावसभाऊ आपली गाडी घेऊन दारात. "दादा, ब्रेक लागस, पण सुटत नही."

दोन्ही गाड्या १५० सीसीच्या, एकाच मॉडेलच्या, दहा वर्षांपलीकडच्या. दुखणंही एकच. एका रविवारी दोन्हींचे कॅलिपर, म्हणजे डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारा ब्रेकचा भाग, खोलले. माझं काम किटवर, म्हणजे आतली रबरी सीलं आणि पिस्टन बदलून, भागलं; त्याला नवी असेंब्ली, म्हणजे अख्खा तयार कॅलिपर, घ्यावी लागली. गंमत अशी की खोलण्याआधी मी असेंब्ली घ्यायच्या तयारीत होतो आणि तो किट.

किमतींचा अंदाज आधी सांगून टाकतो. १५० सीसीच्या आसपासच्या साध्या गाडीला नुसतं सील किट दोन-तीनशेच्या घरात येतं, पिस्टनसकट किट चार-पाचशेपर्यंत जातं आणि कंपनीची असेंब्ली दीड हजारापासून तीन हजारांपर्यंत. मॉडेलप्रमाणे आकडे हलतात. ब्रेक ऑईल, ऑईलची नळी कॅलिपरला जोडणाऱ्या बँजो बोल्टचे वॉशर आणि बहुतेक वेळा पॅड हा खर्च दोन्हीकडे धरायचाच. काही असेंब्लीत पॅड बसवूनच येतात, ते विचारून घ्या; तेवढ्याने हिशेब बदलतो.

दोष कॅलिपरचाच आहे ना?

यावर पैसा लागत नाही, म्हणून हे पहिलं. चाक जाम असताना कॅलिपरवरचं, ऑईलमधली हवा (एअर) काढायचं निप्पल आठच्या पान्ह्याने जरासं सैल करा. ऑईलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं झालं, तर ऑईलचा दाब वरच अडकून राहत होता. म्हणजे लिव्हरशेजारच्या मास्टर सिलिंडरमधलं परतीचं बारीक छिद्र तुंबलंय किंवा होज, म्हणजे ऑईलची नळी, आतून फुगलाय. अशा वेळी कॅलिपरला तीन हजार घातले तरी गाडी तशीच जड राहणार. निप्पल सोडूनही चाक जामच असेल, तर मात्र कॅलिपर खोलायचा.

निप्पल गंजलेलं असेल तर जोर करू नका. आदल्या रात्री गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा, पण डिस्कवर फडकं झाकून. मावसभावाने माझं ऐकायच्या आधीच पान्हा ओढला आणि निप्पलची मान तुटून हातात आली. त्याचा निम्मा निर्णय तिथेच झाला, म्हणा.

आधी पिना

आपल्याकडच्या बहुतेक १००-१५० सीसी गाड्यांना तरंगता कॅलिपर असतो. पिस्टन एकाच बाजूला असतो. तो आपल्या बाजूचा पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच्या उलट्या रेट्याने अख्खा कॅलिपर दोन पिनांवरून सरकून पलीकडचा पॅड ओढून घेतो. पिना सरकल्या नाहीत तर पिस्टनकडचा पॅड झिजून पत्र्याला येतो आणि पलीकडचा जाडच राहतो, किंवा पॅड एका टोकाला पातळ, दुसऱ्या टोकाला जाड असा तिरका झिजतो. पॅड काढून दोन्ही शेजारी शेजारी ठेवले की हे डोळ्यांनीच कळतं.

काळ्या मातीच्या रस्त्यांवर पिनांचं हे दुखणं फार. पावसाळ्यात चिखल बसतो, ऑक्टोबरात वाळून सिमेंट होतो, आणि पिनेवरचा रबरी बूट एकदा फाटला की आत पाणी जातं. माझ्या गाडीची वरची पिन पान्हा लावून गोल फिरवत फिरवत काढावी लागली. तिच्यावर जुनं ग्रीस डांबरासारखं काळं होऊन बसलं होतं. साफ केली, सिलिकॉन ग्रीस लावलं, फाटका बूट बदलला. खर्च शंभराच्या आत. पॅड तिरके झिजलेत, पण पिस्टन बोटांनी नीट आत ढकलला जातोय, अशी स्थिती असेल तर इथेच थांबा. किटही नको.

साधं पिवळं ग्रीस, चेसिसला मारतात ते, इथे चालत नाही. खनिज तेलाने हे रबर फुगतं. वॉशिंग सेंटरवाला शेवटी गाडी चमकवायला डिझेलचा फवारा मारतो ना, तोही पुढच्या चाकाकडे मारू देऊ नका.

किट: स्वस्त का, आणि कुणाला पुरतं

लिव्हर सोडल्यावर पिस्टन मागे कोण ओढतं? आत स्प्रिंग नसते. कॅलिपरच्या खाचेत चौकोनी काटछेदाचं एक सील बसलेलं असतं. दाब आला की पिस्टन पुढे जातो आणि त्याला चिकटलेलं सील किंचित पिळलं जातं. दाब गेला की सील पूर्वपदावर येतं आणि पिस्टनला केसभर मागे आणतं. तेवढ्या केसभर अंतरावर चाक मोकळं फिरतं. सील जुनं होऊन कडक झालं, किंवा त्याच्या मागे खाचेत ॲल्युमिनियमचा पांढरा गंज साचून त्याने सील पिस्टनवर दाबलं, की ब्रेक लागतो पण सुटत नाही.

माझ्या गाडीत नेमकं हेच होतं. पिस्टन बाहेर काढायला मी लिव्हरच वापरला: कॅलिपर डिस्कवरून उतरवायचा, पॅड काढायचे, होज जोडलेलाच ठेवायचा आणि लिव्हर हळूहळू पंप करायचा. पिस्टन गोगलगाईसारखा सरकत येतो. खाली भांडं ठेवा, आणि रंगावर ऑईल सांडलं तर लगेच पाणी ओता. ते रंग खातं. काही गॅरेजवाले कॉम्प्रेसरची हवा मारून पिस्टन उडवतात. त्यात बोट सापडलं तर चेचलं जातं. हवाच मारायची असेल तर पिस्टनसमोर लाकडाचा तुकडा आणि फडकं हवंच, दाबही अगदी थोडा.

पिस्टन हातात आला की पुसून उजेडात धरा आणि नख फिरवा. कळकट डाग, पिवळटपणा चालतो, तो निघतो. नख कुठे अडकलं, म्हणजे क्रोम उडून खड्डा पडला असेल, तर तो पिस्टन गेला. खड्डा बाहेरच्या टोकाकडे आहे म्हणून निश्चिंत राहू नका. झिजलेल्या पॅडवर पिस्टन जास्त बाहेर असतो, तेव्हा तो भाग उघड्यावर गंजतो. नवे पॅड टाकले की पिस्टन आत जातो आणि तोच गंजका भाग सीलमध्ये येऊन बसतो. नवे पॅड टाकल्यावर आठवडाभरात ब्रेक धरायला लागला, अशी तक्रार येते ती यामुळेच.

उलट सिलिंडरच्या भिंतीवर दिसणाऱ्या हलक्या रेघांना घाबरायचं कारण नाही. कॅलिपरमध्ये सील खाचेत स्थिर असतं आणि पिस्टन त्यातून सरकतो, म्हणून गुळगुळीतपणा पिस्टनला हवा आणि स्वच्छता खाचेला. मास्टर सिलिंडरमध्ये उलटं असतं, तिथे भिंतीवरची रेघ महागात पडते.

खाचेतला पांढरा थर काढायला मी बांबूची काडी चपटी तासून वापरली. स्क्रू ड्रायव्हरचं टोक वापरलं तर खाचेच्या कडेला ओरखडा जातो, आणि तिथून ऑईल पाझरलं की किटचे पैसे पाण्यात. या सफाईलाच सगळ्यात जास्त वेळ गेला, पाऊण तास तरी. धुवायला ब्रेक ऑईल किंवा ब्रेक क्लीनर. पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा मी नवी सीलं पेट्रोलने धुतली होती. फुगून त्यांची भाकरी झाली आणि आठ दिवसांत ब्रेक पुन्हा जाम. ती चूक मी केलीय, तुम्ही करू नका.

सीलं ताज्या ब्रेक ऑईलमध्ये बुडवून बसवायची, पिस्टन अंगठ्यांनी सरळ आत दाबायचा. तिरका झाला तर काढून पुन्हा, ठोकायचा नाही.

मी पिस्टनसकट किट घेतलं, जुना पिस्टन तसा बरा असूनही. दीड-दोनशेच्या फरकासाठी तोच खटाटोप वर्षभराने पुन्हा कोण करणार? किट मागताना मॉडेल आणि साल सांगाच, पण जुना पिस्टन खिशात घेऊन जा. एकाच नावाच्या गाडीला वेगवेगळ्या साली वेगळे कॅलिपर लागलेले असतात, आणि व्यासात फरक असला तर किट डब्यातच राहतं. माझ्या मापाचं किट गावात नव्हतं, धुळ्याहून मागवावं लागलं. मधले दोन दिवस गाडी उभी. रोज गाडी लागणाऱ्याने हेही धरावं.

असेंब्ली: महाग, पण कधी कधी तीच स्वस्त

मावसभावाची गाडी दोन पावसाळे खळ्यातल्या पत्र्याखाली, खताच्या गोण्यांशेजारी उभी होती. निप्पल तुटलेलं. पिस्टनवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे. एका पिनेचं भोक इतकं झिजलेलं की पिन आत खुळखुळत होती. खाचेची एक कड गंजून चक्क तुटली होती. पिस्टन, किट, तुटकं निप्पल काढून नवे आटे पाडायची मजुरी, पिना, सगळं जोडलं तर निम्म्या असेंब्लीचा खर्च तिथेच होत होता, आणि खाच तर दुरुस्त होणारीच नाही. खाच किंवा पिनेचं भोक गेलं असेल तर किटचा विचार सोडा.

असेंब्लीचा दुसरा फायदा वेळेचा. दोन बोल्ट, एक बँजो बोल्ट, नवे वॉशर, एअर काढली की झालं, तासाभराचं काम. आतल्या सफाईत चूक होण्याची भीती नाही. घेताना कंपनीचीच घ्या. यातली एक नावाजलेली कंपनी, एन्ड्युरन्स, घाट चढून गेल्यावरच्या वाळूजचीच. काही गाड्यांवर बायब्रे असं नाव दिसतं, ते इटलीच्या ब्रेम्बोचं लहान गाड्यांसाठीचं उत्पादन. तुमच्या जुन्या कॅलिपरवर जे नाव कोरलंय तेच मागणं सगळ्यात सोपं.

यांच्या वाटेला जाऊ नका

भंगारातला जुना कॅलिपर चार-पाचशेला मिळतो आणि मोह होतो. पण त्यालाही किट लागणारच, आणि तो किती वर्षं पावसात पडून होता ते विकणारालाही माहीत नसतं. हार्डवेअरच्या दुकानातली गोल ओ-रिंग बसते, गळतही नाही, चार दिवस. ती गोल असल्याने पिस्टनला नीट मागे आणत नाही, आणि पाणी-तेलाच्या कामाचं नायट्राइल रबर ब्रेक ऑईलमध्ये टिकत नाही. लेथवर पिस्टन तासून देतो म्हणणारेही भेटतात. हात चांगला असतो त्यांचा, पण वरचं कडक क्रोम कुठून आणणार?

ऑईल, एअर आणि एबीएस

ऑईलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच ऑईल टाका, बहुधा डॉट ३ किंवा डॉट ४. डॉट ४ नवं असताना निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतलं पाणी शोषतं आणि मुरलेल्या ऑईलची हद्द १५५ पर्यंत खाली येते. मे महिन्यातल्या ४५ अंशांनी काही होत नाही. धरलेला ब्रेक, मुरलेलं ऑईल आणि घाटाचा उतार एकत्र आले की ऑईल उकळतं आणि लिव्हर हँडलला टेकतो. म्हणून अर्धी उघडी बाटली वर्षभर फडताळात ठेवून पुन्हा वापरू नका. लहान बाटली घ्या. सिलिकॉनचं डॉट ५ यात मिसळायचं नाही.

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं आहे. तशी गाडी असेल तर वरची ब्रेक ऑईलची टाकी कोरडी पडू देऊ नका. एबीएसच्या मॉड्युलेटरमध्ये, म्हणजे ऑईलचा दाब सांभाळणाऱ्या भागात, हवा शिरली की काही मॉडेलांना स्कॅनर लावल्याशिवाय ती निघत नाही. एबीएसच्या गाडीचं काम मी स्वतः करणार नाही. मजुरीचे तीन-चारशे देऊन टाकेन. बिगर-एबीएस गाडीला मात्र पान्हे, पारदर्शक नळी आणि लिव्हर दाबायला एक माणूस असला की पुरे.

काम झाल्यावर लिव्हर मिनिटभर घट्ट दाबून धरा आणि निप्पल, बँजो, पिस्टनची कड ओली होते का बघा. मी रात्रभर लिव्हर दोरीने बांधून ठेवतो. सकाळी तो आणखी कडक लागतो. मग रिकाम्या रस्त्यावर, वीसच्या वेगाने. नवे पॅड बसेपर्यंत घाटात जाऊ नका.

मावसभाऊ जुना कॅलिपर भंगारात टाकायला निघाला होता. मी थांबवलं. सिलिंडर गेला असला तरी पॅडची पत्र्याची स्प्रिंग, एक धड पिन आणि तिचा बूट चांगला होता. ते काढून डब्यात टाकलं, बाकी ॲल्युमिनियम त्याने वजनावर दिलं. माझ्या खालच्या पिनेचा बूट आत्ताच कडक व्हायला लागलाय, तिथे तो बसेल.