ग्रॅनाइट की क्वार्ट्झ? एकाच स्वयंपाकघरात १४ महिने दोन्ही वापरल्यानंतर

आधी मांडणी सांगतो, म्हणजे पुढचं कशाबद्दल आहे ते कळेल. मुख्य ओटा ११ फूट लांब, २ फूट खोल, काळा ग्रॅनाइट, १८ मिमी जाड, मिरर पॉलिश. गॅस आणि सिंक दोन्ही यावरच. समोरच्या भिंतीला ५ फुटांचा पांढरा क्वार्ट्झ (कारखान्यात बनवलेला दगड), १५ मिमी. त्यावर मिक्सर, मायक्रोवेव्ह आणि पोळ्या लाटायची जागा. ड्राय बाल्कनीत भांडी घासायला कडप्पा. चार माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक, बोअरचं जड पाणी आणि सणावाराला पुरणाचा घाट, असा १४ महिन्यांचा वापर आहे.

दगडाची जात ठरवायला महिनाभर जातो आणि सिंकची जागा कोण, कशी कापणार हे कुणी विचारतही नाही, अशी बहुतेक घरांची गत असते. ओट्याचं नुकसान मात्र सहसा तिथेच होतं. ग्रॅनाइटच्या मधल्या भागावर १४ महिन्यांत एक ओरखडा नाही, डाग नाही. लक्ष द्यावं लागलं ते सिंकभोवती, कडांना आणि जोडावर.

काळ्या ग्रॅनाइटला बाजारात ग्रॅनाइट म्हणतात, पण भूशास्त्राच्या हिशेबात यातले बरेच दगड गॅब्रो किंवा डोलेराइट जातीचे असतात. खरेदीच्या दृष्टीने ही चांगली गोष्ट आहे, कारण हे दगड घट्ट असतात आणि पाणी फारच कमी पितात. सोनेरी ठिपक्यांचा ब्लॅक गॅलेक्सी आंध्रातल्या प्रकाशम जिल्ह्यात चिमाकुर्तीच्या खाणींतून येतो. जेट ब्लॅक, टेलिफोन ब्लॅक ही व्यापारी नावं आहेत. एकाच नावाखाली दोन दुकानांत दोन वेगळे दगड मिळू शकतात. फिकट रंगाचं तसं नाही. काश्मीर व्हाइटसारखा दगड दिसायला देखणा, पण पाणी आणि तेल शोषतो, आणि त्यातल्या तांबड्या ठिपक्यांतल्या लोखंडामुळे सिंकजवळ गंजासारखे पिवळट डाग उमटू शकतात. असा दगड घ्यायचाच असेल तर सीलर (दगडाची छिद्रं बुजवणारं द्रावण) लावणं आणि ठरावीक काळाने पुन्हा लावणं आलंच.

दुकानात जाताना लिंबू, कापूस, नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन आणि पाण्याची बाटली सोबत न्या. दुकानदाराकडून आधी एक तुकडा मागून घ्या आणि त्यावर लिंबाचा रस १५ मिनिटं ठेवा. पुसल्यावर चमक गेलेली दिसली तर तो चुनखडीच्या जातीचा दगड, म्हणजे पॉलिश केलेला कडप्पा किंवा तसलंच काही. ॲसिटोनचा बोळा घासून काळा झाला, तर राखाडी दगड रंगवून काळा केलेला आहे. हा रंग वर्ष-दोन वर्षांत ठिकठिकाणी उडतो आणि मग काही करता येत नाही. पूर्ण स्लॅबवर पाणी ओतून ते वाळताना बघत उभे राहा. बारीक भेग असेल तर तिथली ओल सगळ्यात शेवटी जाते आणि काळी रेघ दिसते. उभ्या स्लॅबवर नाण्याने ठोका: टणटणीत आवाज यायला हवा, बद्द आवाज आला तर आत झिरी आहे. पाठीमागे जाळी चिकटवलेली असेल तर तो स्लॅब मुळात कमकुवत होता म्हणून सांधलाय का, ते विचारा.

रोजच्या वापरात काळ्या ग्रॅनाइटबद्दल तक्रार एकच, ती म्हणजे क्षार. हळद, तेल, चिंचेचा कोळ, कोकमाचं आगळ, काहीही रात्रभर राहिलं तरी सकाळी ओल्या फडक्याने निघतं. शिट्टी झालेला कुकर थेट ओट्यावर उतरवतो. पण बोअरच्या पाण्याने नळाच्या बुडाशी पांढरट कडं बसतं, आणि मिरर पॉलिशवर ते लांबूनही दिसतं. आधी कडेकडेने राखाडी पापुद्रा येतो, बोटाला खरखरीत लागतो. त्याच वेळी काढला तर पाच मिनिटांचं काम. साबणाचं पाणी लावायचं आणि दाढीचं ब्लेड जवळजवळ आडवं धरून हलक्या हाताने सरकवायचं. दगड ब्लेडपेक्षा कडक असल्याने ओरखडा पडत नाही, क्षार सोलून निघतो. टाइल्स धुवायचं ॲसिड किंवा संडासाचं क्लीनर इथे वापरू नका. तारेच्या घासणीचे तुकडे ओल्या जागी राहिले की गंजतात, म्हणून तीही नको. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे रात्री ओटा कोरडा करून ठेवणं, आणि तो खरंच पुरतो.

सीलरबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. घट्ट काळा ग्रॅनाइट सीलर पीतच नाही. तो वर राहतो आणि ओशट, पट्ट्यापट्ट्यांचा थर दिसतो. पाण्याचा थेंब १५ मिनिटं ठेवा. पुसल्यावर खाली गडद ठिपका राहिला नाही तर सीलरचे पैसे वाचवा.

आता सिंकची जागा. ओटा २४ इंच खोल आणि सिंक १८ इंचांचं, म्हणजे पुढे-मागे मिळून ६ इंच उरतात. पुढची पट्टी किमान ३ इंच हवी. नळ ओट्यावर बसवायचा असेल तर मागे ३५ मिमीचं भोक पडतं, म्हणून मागेही तितकीच जागा लागते. ओट्याची खोली कमी असेल तर भिंतीतला नळ घेणं शहाणपणाचं. पुढच्या पट्टीवर आपण रेलतो, भरलेली पातेली टेकवतो, आणि तडा गेला तर तो तिथेच जातो.

तो जातो का, तर कोपऱ्यामुळे. कटर मशीनचं पातं गोल असतं. चौकोनी कोपरा नीट सुटावा म्हणून कारागीर पातं रेषेच्या थोडं पुढे नेतो, आणि दगडात कोपऱ्यापलीकडे एक बारीक चीर राहते. दिसायला ती केसाएवढी असते, पण दगडावर ताण आला की तडा तिथूनच चालायला लागतो. यावर उपाय साधा आहे. आधी चारही कोपऱ्यांवर कोअर बिटने गोल भोकं पाडायची आणि मग ती सरळ कापांनी जोडायची. कोपऱ्याची गोलाई निदान १० मिमी त्रिज्येची हवी. हॉबसाठी, म्हणजे ओट्यात बसवायच्या गॅससाठी, ओटा कापणार असाल तर तिथेही हेच. हे कापायच्या दिवशी समोर उभं राहून करून घ्या, नंतर सांगून उपयोग नाही.

आमच्या सिंकच्या उजव्या मागच्या कोपऱ्याला अशी अर्ध्या इंचाची जादा चीर राहिली होती. लगेच इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा पक्का गोंद) भरून घेतली, खाली आधार वाढवला, आणि १४ महिन्यांत ती पुढे सरकलेली नाही. बाकीचे तीन कोपरे नीट गोल आहेत.

आधाराचंही तितकंच महत्त्व. जुन्या पद्धतीत कडप्प्याच्या उभ्या फाड्या, त्यावर कडप्प्याची आडवी फरशी, मग सिमेंटचा माल आणि वर ग्रॅनाइट, अशी भक्कम बैठक असे. मॉड्युलरमध्ये दगड बऱ्याचदा कपाटांच्या कडांवरच टेकतो आणि मध्ये पोकळ राहतो. काळा ग्रॅनाइट १८ मिमी जाडीत चौरस फुटाला सुमारे ५ किलो भरतो, म्हणजे २२ चौरस फुटांच्या ओट्याचं वजन ११० किलो. भरलेलं मोठं सिंक ४० किलोच्या पुढे जातं. खालून बसवलेलं सिंक नुसत्या सिलिकॉनवर लटकवू देऊ नका, त्याला पट्ट्या किंवा ब्रॅकेट हवेतच. सिंकच्या दोन्ही बाजूंना ३ इंचांच्या आत उभा आधार असावा, आणि जोड कधीही सिंकवर किंवा हॉबवर येऊ नये. भिंतीबाहेर ६ इंचांपेक्षा जास्त दगड काढायचा असेल तर खाली ब्रॅकेट द्या. आणि पोकळ जागेवर नारळ फोडायचा नाही, दगड कितीही जाड असला तरी.

कडेचं मोल्डिंग हाफ राउंड घेतलंय. धारदार चौकोनी कड फोटोत छान दिसते, पण कुकर आपटला की टवका उडतो तो तिथूनच. जाडी दिसावी म्हणून खाली पट्टी चिकटवून ३६ मिमी करतात; ती इपॉक्सीने चिकटवा. या कडेला पुरणयंत्राचा स्क्रू आवळायचा असेल तर आधी यंत्राचं तोंड किती उघडतं ते मोजा, कारण जाड कडेवर बरीच यंत्रं बसतच नाहीत. बसलं तरी पिळताना चिकटवलेल्या पट्टीवर खालून ताण येतो. आम्ही पुरणयंत्र टेबलाला लावतो. रबरी बुडाची, हवेने चिकटणारी खवणी मात्र मिरर पॉलिशवर अशी घट्ट बसते की हलत नाही. लेदर फिनिशवर, म्हणजे चामड्यासारख्या उंचसखल पृष्ठभागावर, ती चिकटत नाही, रोज नारळ खवणाऱ्या घराने हे आधी लक्षात घ्यावं. लेदर फिनिशवर क्षार आणि बोटांचे ठसे कमी दिसतात हे खरं, पण गॅसभोवतीच्या खळग्यांत तेलाचं किटण बसतं आणि ब्रशशिवाय निघत नाही.

कडेच्या खाली, आत साधारण अर्ध्या इंचावर एक लांब खाच मारून घ्या. सांडलेलं पाणी कडेवरून वळून खालच्या शटरपर्यंत जातं आणि लॅमिनेट फुगतं. या खाचेशी ते थांबून खाली टपकतं. खर्च अगदी थोडा. ही खाच सिंकसमोर आहे, गॅससमोर घ्यायची राहिली, आणि तिथल्या शटरची वरची कड आता किंचित उचललेली दिसते.

क्वार्ट्झकडे वळू. हा बनवलेला दगड आहे: वजनाने ९० टक्क्यांच्या पुढे क्वार्ट्झचा चुरा, बाकी पॉलिस्टर रेझिन आणि रंग. त्याचे गुण चुऱ्याचे आणि दोष रेझिनचे, हे ध्यानात धरलं की सगळं समजतं. ओरखडे नाहीत, पाणी शोषत नाही, सीलर लागत नाही, रंग एकसारखा. पोळ्या लाटायला पांढरा पृष्ठभाग फार सुखाचा, पीठ लगेच पुसून निघतं. पण रेझिन उष्णता सोसत नाही. १५० अंशांच्या आसपास धोका सुरू होतो आणि पोळ्यांचा तवा त्याच्या बराच वर असतो. गॅसवरून उतरवलेला तवा मिनिटभर टेकला आणि तिथे फिकट पिवळा अर्धचंद्र राहिला आहे. हा डाग नव्हे, रेझिनच करपलं आहे, त्यामुळे घासून जात नाही. आता लोखंडी जाळी कायम तिथेच असते. गॅसचा ओटा पांढऱ्या क्वार्ट्झचा करू नये हे माझं ठाम मत आहे.

हळद तासाभरात पुसली तर काही राहत नाही. रात्रभर राहिली तर पिवळी छटा उरते. साबण लावल्यावर ती लाल झाली तर घाबरू नका, हळदीचा तो स्वभावच आहे, खारात ती लाल होते. खिडकीतून उन्हाची तिरीप येते तिथली छटा चार-पाच दिवसांत आपोआप फिकी झाली, सावलीतली अजून दिसते. ब्लीच चोळू नका, रेझिनची चमक जाते. मसाल्याचं भांडं पांढऱ्या ओट्यावर उघडताना खाली ताटली, एवढी सवय पुरते.

क्वार्ट्झ असो वा ग्रॅनाइट, घरात कोरडा कापू देऊ नका. क्वार्ट्झच्या धुळीत सिलिका फार असते आणि ती कापणाऱ्याच्या फुप्फुसात कायमची बसते. याच कारणाने ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा बनवलेल्या दगडावर बंदी घातली. काप कारखान्यात पाणी सोडून करून आणायचे, जागेवर अगदीच लागलं तर पाण्यासह आणि मास्क लावून. कारागीर नको म्हणाला तरी मास्क आपण आणून द्यावा.

ड्राय बाल्कनीतला कडप्पा स्वस्त, मजबूत आणि भांडी आपटायला बरा. मात्र ही चुनखडी आहे. लिंबाची फोड, चिंच, आगळ पडलं की पांढुरके वण पडतात आणि ते खरवडलेले असतात, धुऊन जात नाहीत. महिन्यातून एकदा तेलाचा हात फिरवला की काळेपणा परततो. स्वयंपाकाच्या ओट्यावर वरचा थर म्हणून मी तो सुचवणार नाही.

नॅनो व्हाइट हा काचेच्या जातीचा. दिसतो शुभ्र, पण कडेचा टवका उडाला की दुरुस्ती नीट होत नाही. ॲक्रिलिकचे ओटे बिनजोड दिसतात आणि ओरखडे घासून काढता येतात, पण गरम भांड्याला तेही नाजूक.

बिल समजून घ्या. चौरस फुटाचा दर हा फक्त दगडाचा. मोल्डिंग धावत्या फुटावर, कटआउट आणि भोकं नगावर, हमाली आणि लिफ्ट नसेल तर मजल्याप्रमाणे चढाई वेगळी. कटर साइजचे अरुंद स्लॅब २ फुटी ओट्याला बेताचे बसतात आणि वाया कमी जातं. गँगसॉचा, म्हणजे अनेक पात्यांच्या मोठ्या करवतीवर कापलेला, मोठा स्लॅब घेतला तर उरलेल्या तुकड्याचेही पैसे आपलेच, तो मागून घ्या आणि खिडकीच्या किंवा दाराच्या पट्टीला वापरा.

बसवताना ओट्याला सिंककडे २-३ मिमी उतार ठेवा आणि डॅडोच्या (ओट्यामागच्या भिंतीच्या) टाइल्स दगडावर टेकतील अशा लावा, म्हणजे भिंतीवरून ओघळलेलं पाणी मागच्या फटीत न शिरता ओट्यावर येतं. तो जोड सिमेंटऐवजी इपॉक्सी ग्राउटने भरा. सिंकभोवती बुरशीरोधक सिलिकॉन, आणि भरल्यावर २४ तास पाणी नाही. आमच्याकडे अकराव्या महिन्यात नळामागचं सिलिकॉन काळं पडलं. ब्लेडने सगळं काढून, जागा पूर्ण वाळवून नवं भरलं. जुन्यावर नवा थर दिला तर तो चिकटत नाही.

घराचा ताबा घेण्याआधी कंत्राटदार फरशीला ॲसिड वॉश देतो. त्याच्या वाफेने आणि शिंतोड्यांनी कडप्पा पांढरा पडतो आणि स्टीलच्या सिंकवर तपकिरी ठिपके येतात. ओटा आणि सिंक जाड प्लास्टिकने झाकून, कडा टेपने बंद करून आणि खिडक्या उघड्या ठेवून मगच त्याला बाटली उघडू द्या.