तालुक्यांचे आकडे नकाशावर आणायचे आहेत: डेटारॅपर, यूमॅप, केप्लर की आर्कजीआयएस ऑनलाइन?

हातात एक्सेलचा तक्ता आहे. एका रकान्यात जिल्हे किंवा तालुके, शेजारच्या रकान्यांत आकडे. त्याचा रंगीत नकाशा हवा आहे. संस्थांचे कार्यकर्ते, भूगोलाचे शिक्षक, जिल्ह्याच्या ठिकाणचे पत्रकार मला विचारतात, "यासाठी कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?" मी आधी उलट विचारते: उत्तर तक्त्यातच सापडलंय आणि आता ते लोकांना दाखवायचंय, की नकाशावर आकडे टाकून उत्तर शोधायचंय?

ही दोन कामं वेगळी आहेत आणि बहुतेकांची फसगत इथेच होते. पहिल्या कामाला सुबक, फोनवर नीट उघडणारा नकाशा लागतो. दुसऱ्याला चाळणी लागते: "बालकांचं लिंग गुणोत्तर ८५० च्या खाली असलेले तालुके दाखव" किंवा "ज्या गावापासून ५ किलोमीटरच्या आत प्राथमिक आरोग्य केंद्र नाही अशी गावं दाखव". यातली पहिली चाळणी एक्सेलमध्येही लावता येते. दुसरी सहज लावता येत नाही, कारण तिच्यात अंतर मोजायचं आहे. तुमचा प्रश्न असा अंतराचा असेल, तर खालच्या चारपैकी तीन पर्याय आत्ताच बाजूला पडतात.

आधी सीमांची फाइल

सॉफ्टवेअर निवडण्याआधी हे बोलायला हवं, कारण वेळ सगळा इथेच जातो. नकाशा रंगतो तो जोडणीवर. एका फाइलीत जिल्ह्यांच्या सीमा, दुसरीत आकडे, आणि दोन्हींत सारखा असलेला एक रकाना. तो रकाना नावाचा असेल तर महाराष्ट्रात त्रास ठरलेला.

२०११ च्या जनगणनेत औरंगाबाद, उस्मानाबाद आणि अहमदनगर आहेत. आजच्या सरकारी तक्त्यांत छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि अहिल्यानगर. जनगणनेच्या इंग्रजी फाइलीत बीडच्या स्पेलिंगमध्ये दोन 'ई' नाहीत, एक 'आय' आहे. रायगड तिथे 'रायगढ' होतो, बुलढाण्यातला 'एच' गळतो. संगणकाला ही सगळी वेगळी नावं वाटतात आणि न जुळलेला जिल्हा राखाडी राहतो. एका संस्थेच्या अहवालासाठी मी केलेला नकाशा असाच बीड आणि बुलढाणा राखाडी ठेवून छापला गेला. बैठकीत एका ताईंनी विचारलं, "आमच्या बीडमध्ये तुम्ही सर्वेक्षण केलंच नाही का?" सर्वेक्षण झालं होतं. त्यात सर्वांत जास्त घरं बीडचीच होती. ते राखाडी बीड मला आजही डोळ्यांसमोर दिसतं.

तेव्हापासून मी नावावर जोडणी करत नाही, कोडवर करते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचा कोड २७ आहे, आणि जिल्ह्यांचे कोड नंदुरबारच्या ४९७ पासून सांगलीच्या ५३१ पर्यंत सलग जातात. नाव कितीही वेळा बदललं तरी ५२५ म्हणजे आधीचं उस्मानाबाद, आताचं धाराशिव. नवीन आकडे असतील तर पंचायत राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेतले कोड वापरा. मात्र एका नकाशात दोन्ही कोडांची सरमिसळ नको.

राहिला पालघर. तो १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला, म्हणून जनगणनेत जिल्हे ३५ आणि आज ३६. आजच्या सीमांवर जुने आकडे टाकले की पालघर कोरा राहतो आणि छोट्या झालेल्या ठाण्यावर जुन्या मोठ्या ठाण्याचा आकडा बसतो. यातली दुसरी चूक जास्त घातक, कारण ती दिसत नाही. सुदैवाने विभाजन तालुक्यांच्या रेषेवरच झालं. वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा आणि विक्रमगड या आठ तालुक्यांची बेरीज केली की २०११ चा पालघर मिळतो, सुमारे ३० लाख लोकसंख्येचा. उरलेलं ते ठाणे. बेरीज फक्त मूळ संख्यांची करायची. टक्केवारी आणि गुणोत्तरं त्या बेरजेवरून नव्याने काढायची.

सीमा शक्यतो सर्व्हे ऑफ इंडियाच्या घ्या. नकाशा अख्ख्या देशाचा असेल तर हा सल्ला नाही, सक्ती समजा. परदेशी सॉफ्टवेअरमधल्या तयार भारताच्या नकाशात जम्मू-काश्मीर आणि लडाखच्या सीमा आपल्या अधिकृत नकाशाप्रमाणे असतीलच असं नाही, आणि सर्व्हे ऑफ इंडियाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणं आपल्याकडे गुन्हा आहे.

डेटारॅपर आणि यूमॅप: दाखवायचं असेल तर

डेटारॅपर ही बर्लिनची कंपनी. मूळ गिऱ्हाईक वृत्तपत्रं, आणि ते जाणवतं. मोफत खात्यावर नकाशा प्रसिद्ध करता येतो, खाली त्यांचं नाव येतं एवढंच. माझ्या लेखी याची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे जोडणी हे सॉफ्टवेअर स्वतः करतं. सीमांची जिओजेसन फाइल (नकाशाच्या आकृत्या साठवायचा एक प्रचलित प्रकार) चढवा, आकड्यांचा तक्ता चिकटवा, कुठल्या रकान्यावर जुळवायचं ते सांगा. जी नावं जुळली नाहीत त्यांची यादी समोर येते. ती यादी त्या वर्षी माझ्यासमोर आली असती तर बीड राखाडी राहिलं नसतं. तालुक्यांच्या सीमांची फाइल बहुतेकदा फार जड असते. ती आधी मॅपशेपर या मोफत संकेतस्थळावर हलकी करून घ्या. तिथे शेजारच्या तालुक्यांमधली सामाईक रेषा एकत्रच सरळ होते, त्यामुळे मध्ये फटी पडत नाहीत.

उणीव अशी की वाचकाला यात प्रश्न विचारता येत नाही. तालुक्यावर बोट ठेवलं की आकडा दिसतो, त्यापुढे काही नाही.

यूमॅप वेगळ्या संस्कारातलं आहे. स्वयंसेवकांनी बनवलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर उभं, मोफत, मुक्त स्रोताचं. खातंही लागत नाही. मात्र खात्याशिवाय नकाशा केलात तर संपादनाची गुप्त लिंक त्याच क्षणी जपून ठेवा, ती हरवली तर नकाशा बदलता येत नाही. यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे गूगल शीटमधून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साधी फाइल) म्हणून प्रसिद्ध केलेला तक्ता दुव्याने जोडता येतो. गावोगावचे कार्यकर्ते शीटमध्ये विहिरींची पातळी भरत जातात आणि नकाशावरचे बिंदू आपोआप ताजे होतात. वाचकासाठी चाळणीही लावता येते: तालुका निवडा, वर्ष निवडा. रंगछटांचा नकाशाही होतो, पण आकडे सीमांच्या फाइलीत आधीच घातलेले हवेत. ती जोडणी बाहेर करून आणायची, मॅपशेपरमध्ये किंवा क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये. दिसायला डेटारॅपरइतकं नीटस नाही.

म्हणून अहवालातला, बातमीतला, एकदाच करायचा तालुकावार नकाशा असेल तर डेटारॅपर. गावांचे बिंदू असतील, माहिती महिनोन्महिने वाढत जाणार असेल आणि भरणारे हात अनेक असतील, तर यूमॅप.

रंग कुठे तोडायचे

कुठलंही सॉफ्टवेअर घेतलंत तरी आकड्यांचे गट पाडावे लागतात. इथे मुकाट्याने पहिला पर्याय स्वीकारला की नकाशा खोटं बोलायला लागतो. २०११ ची लोकसंख्येची घनता घ्या. गडचिरोलीत चौरस किलोमीटरला ७४ माणसं, मुंबई उपनगरात २०,९८०, मुंबई शहरात १९,६५२. तिसऱ्या क्रमांकावर ठाणे, फक्त १,१५७. आता समान अंतराचे पाच गट पाडा. प्रत्येक गट साधारण ४,१८० चा होतो. ३३ जिल्हे पहिल्या गटात, दोन शेवटच्या गटात, मधले तिन्ही रिकामे. म्हणजे अख्खा महाराष्ट्र फिका आणि दोन गडद ठिपके. पुणे आणि गडचिरोली एकाच रंगात! समान संख्येचे गट केले, म्हणजे प्रत्येक गटात सात जिल्हे, तर राज्य रंगीत दिसतं. पण मग ठाणे आणि मुंबई एका रंगात जातात.

डेटारॅपरमध्ये आणि यूमॅपमध्ये नैसर्गिक खंडांचा पर्यायही आहे: आकड्यांत जिथे मोठी दरी आहे तिथे तोड पडते. एरवी मी तिथून सुरुवात करते. पण विषयाला स्वतःचा मापदंड असेल तर सरळ हाताने तोडा. प्राथमिक आरोग्य केंद्राचा निकष मैदानी भागात ३०,००० लोकसंख्येमागे एक आणि डोंगरी-आदिवासी भागात २०,००० मागे एक असा आहे. मग 'एका केंद्रामागे लोकसंख्या' या नकाशाच्या रेषा २० हजार आणि ३० हजारांवरच पडायला हव्यात. रंग बघताच निकष कुठे मोडलाय ते कळतं. हे चारही सॉफ्टवेअरपैकी कुणीही तुमच्यासाठी आपणहून करणार नाही.

आणि एकूण संख्येचा नकाशा कधीही रंगछटांनी भरू नका. गडचिरोलीचं क्षेत्र १४,४१२ चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या आसपास. मुंबईचे दोन्ही जिल्हे मिळून सुमारे ६०० चौरस किलोमीटर आणि सव्वा कोटीच्या जवळपास माणसं. डोळा क्षेत्र बघतो, माणसं नाही. गुणोत्तर, टक्केवारी, दर यांना रंगछटा. एकूण संख्येला लहानमोठी वर्तुळं.

केप्लर आणि आर्कजीआयएस ऑनलाइन: शोधायचं असेल तर

केप्लर हे उबरने २०१८ मध्ये मुक्त केलेलं सॉफ्टवेअर. ब्राउझरमध्ये चालतं, आणि तुमची फाइल कुठल्या सर्व्हरवर न चढता तुमच्याच संगणकावर राहते. रुग्णांची किंवा घरांची माहिती हाताळणाऱ्यांसाठी ही मोठी गोष्ट आहे. मात्र तयार नकाशा एचटीएमएल फाइल म्हणून कुणाला दिलात, तर त्या फाइलीत तुमचा सगळा मूळ डेटाही जातो, हे विसरू नका. याची ताकद बिंदूंमध्ये आणि वेळेमध्ये आहे. उन्हाळ्यातल्या टँकरच्या फेऱ्यांची नोंद घ्या: गाव, अक्षांश-रेखांश, तारीख, फेऱ्या. तारखेची पट्टी सरकवली की मार्च ते जून टंचाई कुठून कुठे पसरली ते डोळ्यांसमोर हलतं. तक्त्यात हे महिनाभर बघितलं तरी दिसत नाही. पण मराठी नावं छापायला केप्लर उपयोगाचं नाही, मात्रा आणि जोडाक्षरं सुटी पडतात. अंतराचे प्रश्नही इथे सहज सुटत नाहीत. शोधायला केप्लर, छापायला दुसरं काहीतरी.

'५ किलोमीटरच्या आत केंद्र नसलेली गावं' हा प्रश्न ऑनलाइनच सोडवायचा असेल तर आर्कजीआयएस ऑनलाइन. एझ्रीचं हे सॉफ्टवेअर चौघांत सर्वांत समर्थ आहे. चाळणी, अंतर, एकावर एक थर, रस्त्यावरून लागणारा वेळ, सगळं आहे. पण मोफत सार्वजनिक खात्यावर ही विश्लेषणाची अवजारं मिळत नाहीत आणि ते खातं व्यावसायिक कामाला चालत नाही. संस्थेचं पैसे भरलेलं खातं लागतं, शिवाय विश्लेषणाला क्रेडिट खर्च होतात. तुमच्या विद्यापीठाकडे परवाना असेल तर जरूर वापरा. नसेल तर त्यासाठी वर्गणी काढू नका. तेच काम क्यूजीआयएस फुकट करतं. ते ऑनलाइन नाही, संगणकावर उतरवून घ्यावं लागतं आणि शिकायला दोन-तीन आठवडे जातात. ते आठवडे मी आनंदाने द्यायला सांगेन.

गूगल माय मॅप्सचं नाव हमखास निघतं. सहलीला, शाळांच्या यादीला ठीक. एका थरात २,००० ओळींची मर्यादा आहे आणि तक्ता सीमांना जोडण्याची सोयच नाही, म्हणून तालुकावार रंगवायला ते नको. इस्रोचं भुवन हे जमिनीचा वापर, पडीक जमीन असे तयार थर बघायला उत्तम, तुमचे आकडे रंगवायला नाही.

ओव्हरपास टर्बो मात्र या चौघांच्या जोडीला ठेवाच. ओपनस्ट्रीटमॅपला थेट प्रश्न विचारायची ती जागा. 'गडचिरोलीतली रुग्णालयं' एवढं तिथल्या मदतनिसात ('विझर्ड' या बटणामागे) इंग्रजीतून लिहिलं की तो पूर्ण प्रश्न स्वतः रचतो आणि बिंदू जिओजेसनमध्ये उतरवता येतात. पण तिथे स्वयंसेवकांनी टिपलं तेवढंच आहे. नकाशावर रुग्णालय नाही याचा अर्थ गावात नाही असा घेतलात, तर दुर्गम तालुक्यांवर अन्याय होतो.

छापण्याआधी

मराठी नावांचा तक्ता एक्सेलमधून साध्या सीएसव्हीत साठवला की अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात. 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडा.

नकाशा ग्रामसभेत किंवा पंचायत समितीत जाणार असेल तर त्याची काळी-पांढरी झेरॉक्स निघणार, हे धरून चला. लाल ते हिरवा अशी पट्टी झेरॉक्समध्ये दोन्ही टोकांना एकच करडी होते. सर्वांत वाईट तालुका आणि सर्वांत चांगला तालुका सारखेच दिसतात. एकाच रंगाची फिक्याकडून गडदकडे जाणारी पट्टी घ्या, गट चारच ठेवा, आणि प्रत्येक तालुक्यावर आकडाही लिहा. मग एक प्रत झेरॉक्सवाल्याकडून काढून आणा आणि शेजारच्या खोलीतल्या कुणाला तरी विचारा, यात सर्वांत वाईट तालुका कुठला.